कावळा शिवलेला कॉम्प्युटर

पहिल्या कॉम्प्युटरच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या माणसांचा मला लई राग येतो. घरी आला म्हणे, सगळी गल्ली बघायला लोटली म्हणे, काय ते दिवस होते म्हणे. असतील तुमचे. त्याला हात लावू का, असं ज्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही, त्यांचे ते दिवस होते.

अवंदा खंडेनवमीला माझ्या थोरल्या भावानं घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. टेबलावर आमचा पहिला कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, बाजूला वडील टोपी घालून ताठ उभे, आणि भाऊ की-बोर्डवर बोटं ठेवून जणू काही विमानच चालवतोय. खाली लिहिलं होतं, 'गावातला पहिला कॉम्प्युटर! फोटो काढला आणि दहा मिनिटांत बंद पडला. कारण? बारकीनं हात लावला आणि कॉम्प्युटरला कावळा शिवला.' बारकी म्हणजे मी. त्याच्याखाली चुलते, आत्या, मामेभाऊ, भावजया, सगळ्यांनी हसणारी तोंडं टाकली. माझ्या नवऱ्यानंसुद्धा एक टाकलं. त्याचं मी नंतर बघून घेतलं.

पोस्ट वाचली तेव्हा मी केजला माझ्या दुकानात होते. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे माझं. सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचे वसतिगृहाचे अर्ज. दसऱ्याच्या तोंडावर टोळ्या निघायच्या असतात, त्यामुळं त्या दिवसांत मला पाणी प्यायला फुरसत नसते. समोर माणसं रांगेत उभी होती, माझा हात लागल्याशिवाय त्यातल्या एकाचंही काम होणार नव्हतं, आणि ग्रुपवर पंचवीस माणसं हसत होती की माझा हात लागला की मशीन बंद पडते. हा विनोद मी दहावीत असल्यापासून ऐकते आहे. लग्नात ऐकला, बारशात ऐकला, माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला वडिलांनी पेढा हातात धरून सांगितला. मला आयुष्यात वडिलांकडून फार काही नको होतं. तुझ्यामुळं बंद पडला नाही, एवढं एक वाक्य पाहिजे होतं, आणि तेही चार माणसांत.

आता काय झालं होतं ते नीट सांगते, कारण मी सोडून ते कुणी सांगणार नाही.

आमचं गाव नांदूरघाट. वडील मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कारखान्यावर जाणारे. घरी दोन ट्रॅक्टर, रोडला नवं स्लॅबचं घर, आणि बैठकीत सकाळपासून माणसांचा राबता. एकदा ते चकलांब्याला कुणाच्या तरी लग्नाला गेलते. तिथं दुसऱ्या एका मुकादमाच्या बैठकीत त्यांनी कॉम्प्युटर बघितला. झालं. परत आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही त्यांना. आठ दिवसांत आमच्या दारात जीप उभी राहिली आणि वाकळीत गुंडाळलेले तीन खोके उतरले. मी अंगणात सडा टाकत होते. मी पुढं झाले, तर वडील म्हणाले, बाजूला हो. कॉम्प्युटर आल्यावर मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य.

तो भावासाठी आणला असं सगळ्यांना सांगितलं. भाऊ तेव्हा अकरावीला अंबाजोगाईला होता, रविवारी घरी यायचा. यायचा, जेवायचा आणि त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा. खोटं नाही सांगत. अंबाजोगाईहून एसटीत उभं राहून यायचं आणि पत्ते खेळायचे, ते तर पाराखाली बसूनही जमलं असतं. बाकी सहा दिवस कॉम्प्युटर बैठकीत क्रोशाच्या रुमालाखाली बसून असायचा आणि आलेल्या माणसाला वडील तो रुमाल उचलून दाखवायचे.

बैठकीतली माणसं मात्र हात लावायची. चुना लागलेलं बोट काचेवर टेकवून विचारायची, ह्यात माझं नाव येतंय का. पाहुण्यांच्या एका पोरानं की-बोर्डचं एक बटण उचकटून खिशात घातलं. तेव्हा वडिलांनी कॉम्प्युटर बैठकीतून उचलून बाजूच्या खोलीत नेला.

ही बाजूची खोली म्हणजे बायकांची 'बाजूला बसायची' खोली. पाळी आली म्हणायची लाज, म्हणून ते बिचाऱ्या कावळ्यावर ढकलायचं. कावळा शिवला म्हणायचं आणि बाईला चार दिवस त्या खोलीत बसवायचं. तिला अंगणातून वेगळं दार, एक पोतं, एक वाकळ, एक पितळी. कोपऱ्यात सरकीची पोती. एवढ्या मोठ्या घरात बायका कुठं बसतात हे वडिलांच्या कधी ध्यानातच नव्हतं, नाहीतर त्यांनी कॉम्प्युटर तिथं नेला नसता. आईनं भीतभीत सांगितलं तेव्हा ते जरा चरकले. पण बैठकीत चुना, पडवीत धूळ, वरच्या मजल्यावर ऊन. मग त्यांनी खडू घेतला आणि खोलीच्या मधोमध फरशीवर आडवी रेघ मारली. रेघेच्या पलीकडं कॉम्प्युटर, अलीकडं आम्ही. म्हणाले, रेघ ओलांडायची न्हाई.

आता बघा ह्या माणसाची अक्कल. रेघ मारली, पण रेघेवर लक्ष ठेवणार कोण? कावळा शिवलेली बाई आत असली की त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नसे. टाकलं तर अंघोळ करावी लागे. पुरुष तर त्या दाराकडं बघतसुद्धा नसत. म्हणजे महिन्यातून चार दिवस अख्ख्या नांदूरघाटात तो कॉम्प्युटर फक्त माझा होता. दार लोटायचं, आवाज बंद करायचा आणि लाईट असेल तोवर बसायचं.

पहिल्या महिन्यात मी नुसती चालू-बंद करायला शिकले. दुसऱ्या महिन्यात भावाचं पुस्तक वाचून मराठी अक्षरं उघडली. बटणांवर इंग्रजी आणि काचेवर मराठी, त्यातही कशाचा कशाला मेळ नाही. मी एकेक बटण दाबायचे आणि कोणतं अक्षर पडतं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे. क सापडला, म सापडला, काना सापडला. ळ काही केल्या सापडेना. वैतागून मी 'कावला' लिहायचे. चार दिवस संपले की पुन्हा चोवीस-पंचवीस दिवस धुणी, भांडी, शेण, शाळा. त्या दिवसांत बोटं नुसती शिवशिवायची. भाकरी थापतानासुद्धा मी परातीच्या काठावर बोटांनी अक्षरं मारायचे.

मग मी खोटं बोलायला लागले. चाराचे पाच दिवस केले. कुणी काही म्हटलं नाही. पाचाचे सहा केले. मग एका महिन्यात दोनदा बसले. आईनं माझ्याकडं बघितलं, पितळीत भाकरी वरून टाकली आणि गेली. घरातल्या पुरुषांना महिना किती दिवसांचा असतो तेही मोजायची गरज पडत नव्हती. कोणत्याही बाईनं आपल्याला विटाळ नसताना आहे असं सांगावं, हे त्यांच्या टाळक्यात येणंच शक्य नव्हतं.

त्या वर्षी नवरात्रात सातव्या माळेला मी सांगितलं की मला कावळा शिवला. घरात घट बसलेले, पाहुणे यायचे, कामाचा डोंगर, आणि मी अशा वेळी बाजूला बसले. आत्या करवादली. मला कशाचं काही नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि आठव्या माळेच्या दुपारी मला ळ सापडला. खरं सांगते, दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला तेवढा आनंद झाला नाही. मी अख्खी काच भरून लिहिलं, कावळा कावळा कावळा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. टोळीचे कोयते ओळीनं मांडलेले, ट्रॅक्टर धुवून, हार घालून दारात सुरू करून ठेवलेले. वडिलांनी टोळीच्या माणसांना आणि पाव्हण्यांना गोळा केलं होतं. कोयत्यांना हळदकुंकू झालं, ट्रॅक्टरला नारळ झाला, आणि मग ते म्हणाले, आता कॉम्प्युटरची. एवढी माणसं घेऊन ते अंगणातल्या दाराशी आले, दार ढकललं, आणि आत मी. रेघेच्या अलीकडं बसलेली होते म्हणून वाचले. पावलं ऐकून मशीन बंद केली आणि उडी मारली होती.

वडिलांनी एकदा मागच्या माणसांकडं बघितलं. मला म्हणाले, गोठ्यात जाऊन बस. मी उठून गोठ्यात गेले. गोठा त्या दाराच्या बरोबर समोर, त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पूजा तर झालीच पाहिजे, पाव्हणे आलेत. पण मशीन विटाळलेली. मग चुलत्यांनी तोड काढली, गोमूत्र शिंपडा. आईला हाक गेली. ती तांब्या घेऊन गोठ्यात आली, गाईखाली धरला आणि भरला. माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि तांब्या नेऊन वडिलांच्या हातात दिला.

आधी उंबऱ्यावर चार थेंब टाकून सगळे आत गेले आणि फोटो निघाला. मग वडील म्हणाले, मशीन चालू करा, ट्रॅक्टर चालू आहे तसा हाही चालू पाहिजे. भावानं चालू केला. वडिलांनी आंब्याचा डहाळा तांब्यात बुडवला आणि शिंपडला. एकदा, दोनदा. टीव्हीसारखी ती पेटी होती, तिच्या वरच्या फटींवर, खालच्या डब्याच्या जाळीवर, बटणांवर. मनाचं समाधान होईना म्हणून तिसऱ्यांदा सरळ तांब्यातून हातावर घेऊन मारलं. फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि सगळ्या घराची लाईट गेली.

टोळीतला कुणीतरी माणूस चुळबुळला. वडिलांचं तोंड उतरलं होतं, आणि त्या तोंडानं ते गोठ्याकडं वळून म्हणाले, "कावळा शिवला की ह्याला." माणसं हसली. वडिलांना सुटल्यासारखं झालं, ते पण हसले. हा एवढाच काय तो आमच्या घरातला प्रसिद्ध विनोद.

मी गोठ्यात बसून होते आणि माझ्या तोंडाशी शब्द आलते. मला कावळा शिवलेलाच नाही, तुमच्या त्या तांब्यानं मेला तो. पण बोलायची सोय कुठं होती? बोलले असते तर नवरात्रात घट बसलेले असताना खोटं बोलून बाजूला बसले, रेघ ओलांडली, महिनोन् महिने मशीन वापरली, सगळंच निघालं असतं. मी गुमान शेणाकडं बघत बसले.

दसऱ्यानंतर केजहून दुरुस्तीवाला आला. त्यानं डबा उघडला, आत पिवळे डाग, मुंग्या, आणि वास तर असा की त्यानं नाकाला रुमाल लावला. म्हणाला, ह्यात पाणी गेलंय. मी दाराआड उभी होते. माझा जीव कानात गोळा झाला. वडील म्हणाले, "ते पाणी न्हाई, गोमूत्र हाय. त्यानं काय होत न्हाई." तो माणूस एकदा वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला, एकदा दारातल्या दोन ट्रॅक्टरांकडं. मग म्हणाला, मग असंल दुसरं कायतरी. एवढं शिकलेला माणूस, पण त्याच्यानं दुसरं वाक्य निघालं नाही. त्याचाही राग आहे मला.

मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं, मारलेलं माणूस विसरतं. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन भावाकडं अंबाजोगाईला गेला आणि तिथं तीन वर्षं पत्ते खेळला. मला त्यापुढं बाजूला बसायला गोठ्यातला कोपरा मिळाला. दहावीनंतर मला बीडला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं. मार्क होते. आमचे सर मुद्दाम घरी आले वडिलांना सांगायला. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि तो विनोद सांगितला. हिचा हात लागला की मशिनी मरतात सर, हिला कुठं पाठवता. सर हसले. चहा पिऊन गेले. बारावी झाली आणि माझं लग्न झालं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यात एक जुना कॉम्प्युटर आला, आणि तिशीत मी पुन्हा त्या बटणांसमोर बसले. बोटांना आठवत होतं. ळ तर न बघता सापडला. दुकानात झेरॉक्सला आलेल्या पोरांच्या चुळबुळीत मी मान खाली घालून रडले आणि मग फॉर्म भरायला लागले.

तर ती भावाची पोस्ट. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी माहेरी सोनं द्यायला गेले. बैठकीत वडील खुर्चीवर, आता म्हातारे, पण आवाज तोच. भाऊ आणि पाच-सात माणसं. मी उंबऱ्यातून आत आले तसा भाऊ म्हणाला, आली बघा, मोबाईल लांब ठेवा रे. सगळे हसले. मी आपट्याचं पान वडिलांच्या हातात दिलं, वाकून पाया पडले, आणि उठताना म्हणाले,

"त्या दिवशी मला कावळा शिवलाच न्हवता."

हसणं थांबलं. बायका अशा गोष्टी बैठकीत बोलत नाहीत. वडिलांनी विचारलं, कोणत्या दिवशी. मी सगळं सांगितलं. सातवी माळ, खडूची रेघ, तांब्या, दुरुस्तीवाल्याचा नाकाला लावलेला रुमाल. आवाज चढवला नाही. दुकानात अडाणी माणसाला फॉर्म समजावून सांगते तसं एकेक सांगितलं. भाऊ मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाला, जाऊ दे गं, मजाक होता.

वडिलांनी आपट्याचं पान हातात उलटंपालटं केलं. मला वाटलं, आता ते एक वाक्य म्हणतील. खरंच वाटलं. एवढं वय झालं माझं, तरी मी त्या खुर्चीपुढं श्वास रोखून उभी होते.

ते म्हणाले, "गोमूत्रानं काय होत न्हाई." आणि मग, "म्हंजी घट बसलेले असताना खोटं बोलून बसलती तू? देवीचंच झालं मग ते." माणसांनी माना डोलावल्या. झालं. आधी मी नुसती विनोदातली गुन्हेगार होते, आता पुराव्यानिशी झाले.

मी तशीच आत गेले. आई चुलीपुढं पुरणपोळ्या भाजत होती. भिंत एका विटेची आहे, तिनं सगळं ऐकलं असणार. माझा राग तिच्यावर निघाला. मी म्हणाले, तू तांब्या भरून दिलास. तू तरी बोलायचं होतंस. पण तुला तरी काय माहीत म्हणा.

तिनं पोळी उलटली. म्हणाली, "दोरीवर कापड न्हवतं वाळत. मला काय दिसत न्हवतं?"

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. दर महिन्याचे माझे सहा दिवस, दोनदा बसणं, नवरात्र, सगळं. तो तांब्या भरताना तिनं माझ्याकडं बघितलं होतं ते मी इतकी वर्षं राग म्हणून धरून ठेवलं होतं. मी विचारलं, मग बसू कावून देत होतीस मला?

"मी बी चाराचे पाच करायचे," ती म्हणाली. "लई दमायचे. तिथं कुनी हाक मारत न्हवतं."

तिनं पोळी माझ्या ताटात टाकली, वर तूप घातलं. बैठकीत पुन्हा हसणं सुरू झालं होतं. तिनं त्या बाजूला कान दिला आणि आवाज आणखी बारीक केला.

"तू तुझं बोललीस ते बोललीस. माझं तेवढं सांगू नको कुनाला."

सत्तरीला टेकलेली बाई. पाळी जाऊन वीस वर्षं झालेली, आणि अजून त्या पाचव्या दिवसाला भीत होती. मी म्हणाले, नाही सांगणार. हे खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही.